मौन माझं, घसा नम्रताचा

पहाटे पाचला उठल्यापासून पूजा, पोथीचा अध्याय आणि अकरा माळा जप होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. साधारण साडेदहा होतात. हा नेम एकोणीस वर्षांचा आहे. ह्यांची बायपास झाली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून मी देवाला म्हटलं होतं, की हे घरी आले तर दिवसातला माझा पहिला शब्द तुझ्या नैवेद्यानंतरचा. हे घरी आले, पुढे अकरा वर्षं होते. ते गेल्यावर नेम सोडायला हरकत नाही, असं आमचे गुरुजीच म्हणाले होते. मी सोडला नाही.

गप्प राहणं अवघड नसतं. अडचण असते ती बाहेरच्यांची. दूधवाला, गॅसवाला, पाण्याचा टँकर आलाय म्हणून सांगायला येणारा वॉचमन, सगळे नेमके सकाळी येतात आणि सगळ्यांना उत्तर हवं असतं. हे होते तोवर हे बोलायचे. मग अनिरुद्ध, माझा मुलगा. तो मेलबर्नला गेला तेव्हा मी दाराशी पाटी ठेवून पाहिली, पण पाटीवरचं वाचायच्या आत दूधवाला ‘काकू, किती देऊ?’ विचारून मोकळा व्हायचा. मग नम्रता आली आणि तो प्रश्न सुटला.

नम्रता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं. पोर भोरला काकांच्या घरी राहून बारावी झाली. त्याच सुमाराला माझ्या सासूबाई, दुर्गाबाई, न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या. मी मेहुण्यांना फोन करून सांगितलं की मुलीला पुण्याला पाठवा, इथे शिकेलही आणि मला हाताशीही होईल. हाताशी झाली. शिकणं राहिलं.

तीन वर्षं सासूबाई पलंगावर होत्या. सकाळी मी सोवळ्यात, त्यामुळे त्यांचं सकाळचं सगळं नम्रता करायची. सकाळचं म्हणजे काय, हे ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांना सांगायला नको. ती ते करता करता दूधवाल्याशी बोलायची, गॅसचा नंबर सांगायची, वॉचमनला हो म्हणायची. मी देवघरातून बोटाने दोन दाखवावेत आणि तिने स्वयंपाकघरातून ‘दोन पिशव्या’ म्हणावं, इतकं आमचं जुळलं होतं. समोरच्या फ्लॅटमधली ललिता एकदा माझ्या तोंडावर म्हणाली होती, “अहो वहिनी, मौन तुमचं आणि घसा नम्रताचा. पुण्य कसं वाटून घेता?” मी हसले होते. नारायण पेठेत असं बोलणं कोणी मनावर घेत नाही.

नम्रताने एक वही केली होती. दर दोन तासांनी सासूबाईंना कुशीवर वळवायचं, त्याची वेळ. ताप, नाडी, लघवी किती झाली, काय खाल्लं. नाडी ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायची आणि मोजताना तिचे ओठ हलायचे, जपासारखे. पाठीला एक जखम झाली होती ती तिने सात महिन्यांत भरून आणली. दर पंधरवड्याला घरी येणारे डॉक्टर ती वही चाळून म्हणाले, “हिला नर्सिंगला घाला. मला पगार देऊन अशी माणसं मिळत नाहीत.” मी त्यांना चहा दिला.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. तेराव्यानंतर आठ दिवसांनी नम्रता माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, तिला जीएनएम करायचंय. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, प्रवेश परीक्षा असते, वसतिगृहात राहावं लागतं. मी तिला समजावलं. मी आवाज कधीच चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हटलं, चांगल्या घरची मुलगी तू, जन्मभर परक्यांची घाण काढणार का?

“आजींची काढलीच की, मावशी,” ती म्हणाली. “तेव्हा नाही कोणी असं म्हणालं.”

तीही आवाज चढवत नव्हती. माझ्याकडेच शिकली असेल.

मी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. नम्रताने माझ्या ‘बघू’कडे दुर्लक्ष करून वर्षभर अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि कात्रजच्या पुढे एका खासगी ट्रस्टचं कॉलेज आहे त्याच्या प्रतीक्षा यादीत सातवी आली. तिथल्या बाईंनी तिला सांगितलं होतं की दरवर्षी शेवटच्या आठवड्यात आठ-दहा मुली गळतात, तुझा नंबर लागेल, तयारीत राहा.

मग तयारी सुरू झाली. लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्लीतून पांढरे बूट आणले, तळ न वाजणारे. केसांच्या अंबाड्याला काळी जाळी. बी प्रकारच्या काविळीची इंजेक्शनं तीन घ्यायची असतात, त्यांतली दोन झाली. चार वर्षं कुठे होतीस याचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात तिने ‘घरी आजारी व्यक्तीची शुश्रूषा’ असं लिहिलं, तर स्टॅम्पवाल्याने ते खोडून ‘घरगुती कारण’ केलं. नखं ती रोजच कापायला लागली. घरात ते बूट घालून फिरायची, आवाज येतो का बघायला. एकदा देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून मागे गेली.

सेकंदकाट्याचं घड्याळही लागतं. नाडी मोजायला. ती विकत आणणार होती. मी कपाटातून ह्यांचं काढून दिलं. पट्टा तिला मोठा झाला तर कासारवाड्याजवळच्या घड्याळजीकडून दोन भोकं पाडून आणली. एवढं मी केलं. लिहिते आहे, कारण पुढचंही लिहायचंय.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. कॉलेज फोन करतं तो पालकांना, मुलीला नाही. नम्रताने विचारलं तेव्हा कचेरीतल्या माणसाने सांगितलं होतं की मुली हो म्हणतात, इकडे आम्ही जागा धरून ठेवतो आणि घरचे पाठवत नाहीत. म्हणून आम्ही घरच्यांनाच विचारतो. नम्रताने पालक म्हणून माझा नंबर दिला होता. दुसरा कुणाचा देणार?

बुधवारी संध्याकाळी ती देवघराबाहेर येऊन उभी राहिली. मी वाती वळत होते.

“मावशी, उद्या-परवात फोन येईल म्हणाले. मला उद्या सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात जायचंय, फिटनेसच्या सहीला. रांग असते. तू फोन उचलशील?”

मी म्हटलं, सकाळी माझं मौन असतं.

“बोलू नकोस. नुसता उचल आणि समोर ललिताकाकूंकडे नेऊन दे. त्या बोलतील. मी त्यांना सांगून ठेवलंय, त्या कुठे जाणार नाहीत.” मग जरा थांबून म्हणाली, “रविवारी दादाचा घेतेस ना, तसाच.”

इथे सांगायला हवं. अनिरुद्ध रविवारी फोन करतो, त्याची जेवणं उरकली की. तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात. मी जपात असते. पहिल्या वर्षी मी उचलला नाही, तर तो दोन आठवडे रुसला. मग मी विचार केला की ऐकण्याने मौन मोडत नाही. आणि ‘हं’ हा काही शब्द नाही. फोनला ओवळ्याचे हात लागलेले असतात, तर पदराच्या टोकाने धरायचा. गुरुजींना मी हे विचारलं नाही. मुलासाठी मीच शास्त्र लावलं.

नम्रताला मी म्हटलं, “बघू.”

चार वर्षांत तिला या शब्दाचा अर्थ कळला नसेल असं नाही. कळला होता, म्हणूनच तिने सगळं आधी करून ठेवलं. सकाळी निघताना ती आंघोळ करून आली, माझा फोन पुसला, माझ्या जुन्या सोवळ्याच्या रेशमी तुकड्यात गुंडाळला आणि पाटाशेजारी, माझा उजवा हात पोचेल असा ठेवला. रेशमाला ओवळं नसतं. हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं. बघून शिकली होती. दुधाच्या पिशव्या घेऊन ठेवल्या. वॉचमनला सांगितलं, आज बेल नको. दार नुसतं लोटून ठेवलं, मला कडी काढायला लागू नये म्हणून. मग मला वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला नाही. ती दारात पांढरे बूट घालून जायची होती आणि मी सोवळ्यात होते. तिने तेवढं लांबूनच केलं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. सातवी माळ चालू होती.

रेशमातून उजेड दिसत होता. मी तुकडा बोटाने बाजूला केला. पुण्याचाच नंबर होता, घरगुती नव्हे. मला वाटलं, ही माळ पुरी करावी. मधे माळ खाली ठेवायची नाही असं असतं. रविवारी मी ठेवते. हे मला तेव्हा आठवलं, नंतर नाही. फोन थांबला. मिनिटभराने पुन्हा वाजला. ललिताच्या घरात रेडिओ चालू होता तो ऐकू येत होता. सोळा पावलांवर तिचं दार. मी मोजलेली नाहीत, पण तेवढीच असतील.

माणसाला जपात फार विचार येतात. मला एकच आला: ही गेली तर उद्या सकाळी दाराशी कोण बोलेल? दुसरा विचार त्याच्या मागून आला, की देवाच्या मनात असेल तर तो दुपारी पुन्हा फोन करायला लावील. हा दुसरा विचार चांगला होता. तो मी धरून बसले.

चार-पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा वाजला. तेव्हा सातव्या माळेचे दहा-बारा मणी राहिले होते. मनात आणलं असतं तर फोन थांबायच्या आत झाले असते. मी ते सावकाश ओढले, हे देवाला ठाऊक आहे आणि मला.

सव्वादहाला नम्रता आली. जिना धावत चढल्याचं कळलं, बूट वाजत नसले तरी. हातात सही-शिक्क्याचा कागद होता. ती देवघराच्या उंबऱ्याशी खाली बसली, लांबूनच मान पुढे करून फोन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले. मग तिने आत हात घातला. चार वर्षांत पहिल्यांदा ती बाहेरच्या कपड्यांनी देवघरात शिरली. तिथूनच तिने फोन लावला. तिकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. तिचं एवढंच येत होतं: “हो सर. हो, घरी होत्या. हो सर. येते मी.” आणि ती गेली.

मी आंघोळ करून पुन्हा सोवळं नेसले. पूजा पहिल्यापासून केली. नैवेद्याला बारा वाजले.

ती चार वाजता परत आली. तिने हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि जे झालं ते अगदी वहीत लिहिल्यासारखं सांगितलं. एक जागा रिकामी झाली होती. तिच्या वरच्यांतल्या काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतले होते, त्यामुळे ती जागा तिचीच होती. त्यांनी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदाही उचलला नाही तर घरच्यांची इच्छा नाही असं धरतात आणि पुढच्या मुलीला लावतात. पुढची मुलगी मंचरकडची. तिच्या वडिलांनी पहिल्या रिंगला उचलला, शेतात होते, म्हणाले तासाभरात पैसे पाठवतो, दुपारपर्यंत पोरीला घेऊन पोचतो. नम्रता तिथे होती तेव्हाच ते दोघं आले. मुलीला बूट नव्हते, तर नम्रताने तिला दुकान सांगितलं. यादी आता बंद झाली. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.

घरच्यांची इच्छा नाही असं ते धरतात. त्यांनी चुकीचं धरलं असं मला म्हणता येत नाही.

मी म्हटलं, देवाची इच्छा. तोंडातून सवयीने गेलं.

नम्रताने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तबकडी वर करून.

“मावशी, दादाचा फोन असता तर?”

दुपारचे चार वाजून गेले होते. माझं मौन केव्हाच सुटलं होतं. तरी मी बोलले नाही.

तिने थोडा वेळ वाट पाहिली, तेवढी ती सगळ्यांनाच देते. मग उठून कुकर लावला. गुरुवार होता, माझा एकभुक्त. माझ्या पानात मीठ नको हे ती त्या दिवशीही विसरली नाही.

ललिता दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, काल भाजीलाही गेले नव्हते, रेडिओही बारीक करून बसले होते. मी म्हटलं, ललिता, माझा नेम तुला माहीत आहे.

“माहीत आहे की,” ती म्हणाली. “पण वहिनी, दार वाजवायला जीभ लागत नाही.”

आणि गेली. हे मात्र मी मनावर घेतलं.

आठ दिवसांनी नम्रताने एका ब्यूरोत नाव घातलं. घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवतात ते. कोथरूडला एका निवृत्त प्राध्यापकांकडे तिला चोवीस तासांचं काम मिळालं. त्यांना लकवा आहे. मी म्हटलं, अगं, वर्षभर थांब, पुन्हा परीक्षा दे, मी नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, “नाही तू तेव्हाही म्हणाली नव्हतीस.” बॅग भरताना तिने सासूबाईंची वही घेतली, काळी जाळी घेतली. पांढरे बूट पायात घातले. घड्याळ तिथेच होतं. मी पुढे केलं तर म्हणाली, राहू दे मावशी, त्यांच्याकडे बोटाला लावायचं यंत्र आहे, मोजावं लागत नाही.

निघताना तिने नमस्कार केला. संध्याकाळ होती, मी सोवळ्यात नव्हते. डोक्यावर हात ठेवला. केसांना फिनेलचा वास येत होता. जायच्या आधी न्हाणी धुऊन गेली होती.

ललिताची भाची त्या प्राध्यापकांच्या इमारतीत राहते. तिच्याकडून कळतं की तिथली माणसं नम्रताला सिस्टर म्हणतात, आणि कोणी डॉक्टर आले की ‘बाई आहे आमची’ म्हणतात.

माझा नेम चालू आहे. सकाळी बेल वाजते, दोनदा वाजते, माणूस थोडा वेळ उभा राहून जातो. दूध आता मी संध्याकाळी आणते. गॅस दोनदा परत गेला, तेव्हा चार दिवस स्टोव्हवर काढले. कोणी मधे बोलत नाही त्यामुळे जप एकचित्ताने व्हायला हवा. अकरा माळांना आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. सातवीत मी मोजायची चुकते.

परवा रविवार होता. साडेनऊला फोन वाजला. तो अजून त्याच रेशमी तुकड्यात असतो, पाटाशेजारी, उजव्या हाताला. जागा बदलावी असं रोज मनात येतं. अनिरुद्धचं नाव दिसलं आणि माळ खाली ठेवून माझा हात गेलाही. पदराने धरून कानाला लावला.

तो नेहमीसारखा एकटाच बोलत राहिला. तिकडे थंडी पडली आहे. नातीला दात आला. मी हं म्हणत होते. मग म्हणाला, “अगं, नम्रताच्या कॉलेजचं काय झालं? मिळाली ना जागा?”

मी नैवेद्यानंतर फोन करून सांगू शकले असते. ठेवून देऊ शकले असते.

“हं,” मी म्हटलं.

“वा,” तो म्हणाला. “तुझं इतक्या वर्षांचं व्रत आहे आई, वाया कसं जाईल?”

फोन ठेवून मी माळ उचलली. कुठवर आले होते ते आठवेना, म्हणून सातवी पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.